दुधाची वाटणी

पिरनवाडीच्या अक्काताईचं एक वैर होतं आणि ते तिनं पंचेचाळीस वर्षं नीट सांभाळलं. शेतकऱ्याघरचं वैर म्हटलं की ते बांधावरून असतं, नाहीतर विहिरीच्या पाळीवरून. हिचं वैर समुद्रापलीकडच्या एका गोऱ्या बाईशी होतं. तिला हिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही दोघी सात वर्षांच्या असताना. त्या बाईचं नाव नोरा. गावात शहाणं माणूस ते नाव अक्काताईसमोर काढत नसे. कुणी काढलंच तर ती हातातलं खुरपं टाकून उठायची आणि काढणाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करून मगच परत खाली बसायची.

हे सगळं सुरू झालं दुधावरून.

एकोणीसशे एक सालची गोष्ट. अक्काताईचा बाप रवळू खानापूरच्या वाटेवर गाडीखाली सापडला आणि त्याची कंबर कामातून गेली. घरी तीन एकर जमीन, म्हातारी आई यशोदाबाई, बायको नागुबाई आणि तिच्या मांडीवर तीन महिन्यांची अक्काताई. त्याच आठवड्यात बेळगावच्या कॅम्पात मेजर टॅलनच्या मेमसाहेबाला मुलगी झाली. मेमसाहेबाला दूध येईना. पलटणीच्या डॉक्टरनं सांगितलं, निरोगी अंगाची, ताज्या दुधाची बाई शोधा. बंगल्याचा माळी भावकू पिरनवाडीचाच. तो संध्याकाळी नागुबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

पगार चांगला होता, अट मात्र एक होती. बाईनं स्वतःचं पोर आणायचं नाही. आणलं तर दूध वाटलं जाणार, आणि साहेबाला वाटणी नको होती.

नागुबाई गेली. अक्काताई शेळीच्या दुधावर वाढली. गोऱ्याच्या पोरीला छातीशी धरते म्हणून भाऊबंद कुरकुरले. त्यांनी चार महिने रवळूच्या घरचं पाणी बंद केलं. मग रवळूनं पंचांपुढं हात जोडले, सगळ्यांना जेवण घातलं आणि ते प्रकरण मिटलं. पण गावच्या पोरांचं तोंड जेवण घालून कसं बंद होणार? ती अक्काताईला "शेळीची लेक" म्हणायची. अक्काताई एकेकाला गाठून झोडपायची. पण रात्री आजीच्या कुशीत शिरून विचारायची, माझी आय कुठं हाय? आजी म्हणायची, कॅम्पात हाय. अक्काताईला बरीच वर्षं वाटायचं की कॅम्प हे एका राक्षसाचं नाव आहे.

दर रविवारी दुपारी नागुबाई घरी यायची. नोराचं दूध तुटलं तरी बंगल्यानं तिला सोडलं नाही, आया म्हणून ठेवून घेतलं. आणि खरं सांगायचं तर तिलाही सुटायचं नव्हतं. पगारावर जमीन टिकत होती, हे खरंच. पण जीव लावलेली पोर टाकून कोण येतं? हे अक्काताईला कळत नव्हतं असं नाही. ते कळत होतं, म्हणूनच पोटात आग होती.

नागुबाई आली की तिच्या लुगड्याला साबणाचा वास असायचा. ती अक्काताईला जवळ घ्यायची आणि अक्काताई त्या वासानं अंग चोरायची. मग नागुबाई रवळूला बंगल्याच्या गोष्टी सांगत बसायची.

"आपलं सायब इंग्रज न्हाय बरं का. ऐरिश हाय. त्येंचा मुलूख येगळा. तिकडं त्येंच्या घराला चाळीस खिडक्या हाईत, आन् दोन हजार एकर जमीन."

"दोन हजार?" रवळू कमरेवर हात ठेवून उठून बसायचा. "मग हितं कशाला ऊन खात बसलाय?"

"त्येंच्यात वाटणी नसतीया. समदं थोरल्याला जातंय. आपलं सायब धाकटं."

"मग धाकट्यानं काय खायचं?"

"धाकट्यानं पलटणीत जायचं."

रवळूला हे फार आवडलं. स्वतः धाकटा असून त्याच्या वाट्याला तीन एकर आली होती. पुढं कित्येक दिवस तो भेटेल त्याला सांगत सुटला की कॅम्पातल्या मेजरपेक्षा माझी जमीन जास्त आहे. अक्काताई कोपऱ्यात बसून ऐकायची. तिला त्या चाळीस खिडक्या मोजता येत नव्हत्या. पण त्या नोराच्या आहेत आणि आयसुद्धा नोराची आहे, एवढा हिशेब तिला येत होता.

नागुबाई रिकाम्या हातानं कधी आली नाही. नोराला आखूड झालेले झगे ती आणायची. निळे, गुलाबी, जाळीच्या गळ्याचे. प्रत्येक झगा काखेत नाहीतर बाहीवर फाटलेला असायचा आणि तिथं बारीक टाके घातलेले असायचे. अक्काताईनं एकही झगा धड पाहिला नाही. तिला वाटायचं, चांगले असतील ते जपून ठेवत असतील, आपल्याला चिंध्या. दुसरं काही अंगावर घालायला नव्हतं म्हणून ती ते घालायची आणि मुद्दाम शेणात लोळायची.

अक्काताई सात वर्षांची असताना आजी गेली. नागुबाईला आणायला भावकू माळी निघाला तेव्हा अक्काताई हट्टानं त्याच्याबरोबर गेली. कॅम्पातला रस्ता झाडलेला, दोन्ही बाजूंना झाडं, झाडांना चुना लावलेला. बंगल्याच्या मागच्या पडवीत नागुबाई पाटावर बसली होती आणि तिच्या पुढ्यात तांबूस केसांची, ठिपक्याठिपक्यांच्या गालांची पोर. नागुबाई तिची वेणी घालत होती.

"आये, लई ओढू नगंस गं," ती पोर म्हणाली.

अक्काताई पायरीशी उभी होती ती तिथंच खिळली. पोर मराठी बोलत होती, तेही पिरनवाडीचं मराठी, ज्या बोलीत अक्काताई आजीशी भांडायची ते. आणि अक्काताईच्या आयला ती "आये" म्हणत होती. बंगल्यातले बाकी सगळे नागुबाईला नावानं हाक मारायचे. ही एकटीच आय म्हणत होती, आणि नागुबाई "व्हय गं बाय" म्हणून ओ देत होती.

भावकूनं निरोप सांगितला. नागुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हातातली वेणी तिनं पुरी केली, फीत बांधली आणि मग ती उठली. तेवढ्यात त्या पोरीनं अक्काताईकडं पाहिलं आणि नागुबाईचा पदर मुठीत घट्ट धरला. तो सोडवून घेताना नागुबाईला तिचं एकेक बोट उलगडावं लागलं.

 घरी पोचल्यावर अक्काताईनं आपल्या आईला "नागुबाई, पाणी पायजे काय?" असं विचारलं. घरात मढं होतं, त्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं आईला नावानंच हाक मारली. रवळूनं एकदा थोबाडीत दिली तरी फरक पडला नाही. नागुबाई ऐकून घ्यायची. तिनं कधी विचारलं नाही आणि अक्काताईनं कधी सांगितलं नाही.

तेराव्या वर्षी अक्काताईचं लग्न ठरलं. नवरा सांबऱ्याचा जोतिबा, सख्ख्या आत्याचा मुलगा. आत्या रुक्माबाई हीच सासू. रवळूला दुसरं मूल नव्हतं. जमीन परक्याच्या घरात जाऊ नये म्हणून हे जमवलेलं, सगळे असंच जमवतात. नागुबाईनं आठ दिवसांची रजा काढली. आठ दिवस आय आपली, या आनंदात अक्काताईनं हळद लावून घेतली. त्या आठवड्यात ती नागुबाईला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. जिभेवर जुना शब्द येऊन बसला होता, नुसता बाहेर पडायचा बाकी होता.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि बंगल्याचा शिपाई सायकलवर आला. मिसीबाबाला, नोराला, सणसणून ताप भरलाय, अंगाला हात लावू देत नाही, आयाला बोलवा म्हणून रडतेय.

आई काही पाठराखीण म्हणून मुलीबरोबर सासरी जात नसते. तो मान आजीचा, नाहीतर आत्याबाईचा. पण वेशीपर्यंत येऊन मुलीच्या पाठीवर हात ठेवायचा असतो तो आईनंच. अक्काताईला पाठराखीण म्हणून भावकूची बायको मनुबाई गेली आणि वेशीवर पाठीवर हात ठेवला तोही मनुबाईनंच. नागुबाई तेव्हा कॅम्पाच्या रस्त्याला लागली होती. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, असं पुढं कळलं. अक्काताई मनात म्हणाली, मेली असती तर बरं झालं असतं. म्हणाली म्हणजे म्हणालीच, पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही तिला.

मग वीस साल उजाडलं. मोठी लढाई संपली होती. अक्काताईला दोन वेळा दिवस जाऊन गळून पडलं होतं. तिसऱ्यांदा पोटातलं टिकलं आणि ती सातव्या महिन्यात माहेरी पिरनवाडीला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हातचं, हा तिचा हक्क होता आणि या वेळी ती तो सोडणार नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच मेजरसाहेब पलटणीतून निवृत्त झाला. सगळं बिऱ्हाड आयर्लंडला निघालं, कारण नोराचं लग्न ठरलं होतं. नागुबाईनं ते एका रविवारी भीत भीत सांगितलं.

"मेमसायबाच्या माहेरची जमीन नोराच्या नावावर हाय. ती थोरल्या सायबाच्या जमिनीला लागून. बांधाला बांध. म्हणून थोरल्या सायबाच्या पोराला दिलीया."

अक्काताई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"थोरल्या सायबाच्या? म्हंजी तिच्या चुलत्याच्या पोराला?"

"व्हय."

"चुलत भावाला? सख्ख्या चुलत भावाला?"

"त्येंच्यात चालतंय म्हणं," नागुबाई खाली बघून म्हणाली. तिलाही ते गळ्याखाली उतरलं नव्हतं, दिसतच होतं. आत्याचा, मामाचा मुलगा केला तर कुणी काही म्हणत नाही, अक्काताईनं स्वतः तेच केलं होतं. पण चुलत भाऊ म्हणजे भाऊच. त्याला भाऊबीजेला ओवाळायचं, माळ घालायची नाही. दोन हजार एकरांसाठी माणसं काय काय करतात, अक्काताई म्हणाली, आणि पोट दुखेपर्यंत हसली. इतकी वर्षं ज्या पोरीनं तिला जाळलं होतं, तिच्या नशिबी भावाशीच लग्न. देव आहे म्हणायचा.

हसू फार वेळ टिकलं नाही. नागुबाईला अजून काही सांगायचं होतं.

"ती म्हणतीया, लगनात पाठराखीण म्हणून आये तूच ये. सा म्हयन्यात परत धाडते म्हणतीया. मीच तिला पाठराखणीचं सांगितलं हुतं कवातरी, ते धरून बसलीया. मंगळवारच्या गाडीनं मुंबई." मग हळूच, "तुझं बाळंतपण मनुबाई करंल. तिचा हात हलका हाय."

अक्काताईनं सूप बाजूला ठेवलं. पोटच्या लेकीच्या वेशीपर्यंत जी आली नाही, ती गोरीची पाठराखीण होऊन समुद्र ओलांडणार होती. अक्काताईला रडावंसं वाटलं नाही. डोकं एकदम थंड झालं आणि तोंडातून खोटं बाहेर पडलं, तयारच होतं जणू.

"जा की. पण एक सांगून ठिवते. ही चुलत भावाची गोष्ट गावात कळलीया. काल रातच्याला पंच मंडळी बसली हुती. भावा-भनीच्या लगनात जी पाठराखीण जाईल तिच्या घरचं पाणी कुणी पिणार न्हाय. माझ्या बाला खांदा कोण देणार न्हाय. आन् माझ्या प्वाराच्या बारशाला चिटपाखरू येणार न्हाय."

मंडळी कुठली नि बसणं कुठलं! गोष्ट गावाला माहीतच नव्हती. पण नागुबाईनं एकदा चार महिने बंद पाणी सोसलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती पदर डोक्यावर घेऊन कॅम्पाच्या वाटेला लागली.

मंगळवारी दुपारी ती परत आली. काखेत गाठोडं होतं. गाडी सुटली होती आणि नागुबाई तिच्यात नव्हती. अक्काताई दारात उभी होती. अवघडल्या पोटानंही तिला नाचावंसं वाटलं.

महिन्याभरानं अक्काताईला मुलगा झाला, भरमू. नागुबाईनं बाळंतपण असं केलं की आळीतल्या बाया बघून जायच्या. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणं, कशातच कसूर नाही. अक्काताईला हवं होतं ते सगळं मिळालं. फक्त नागुबाई गोष्टी सांगायची थांबली. चाळीस खिडक्यांचा उल्लेख पुन्हा घरात झाला नाही. आणि अक्काताईच्या जिभेवरचा तो शब्द, तो आता खोट्याच्या खाली दबला होता. आईला फसवून राखल्यावर तिला आये म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? म्हणून ती नागुबाईच म्हणत राहिली.

रवळू गेल्यावर जोतिबा आणि अक्काताई पिरनवाडीलाच राहायला आली आणि तीन एकरांत रताळी आणि भात करू लागली. नोराची पत्रं वर्षा-दोन वर्षांतून येत. ती बेळगावात चिंतामणी मास्तरांच्या पत्त्यावर यायची. मास्तर तरुणपणी मेजरसाहेबाला परीक्षेसाठी मराठी शिकवायला बंगल्यावर जात. नागुबाई पायी जाऊन पत्र ऐकून यायची. अक्काताईनं कधी विचारलं नाही, पण बातमी भावकूकडून कानावर यायचीच. एका वर्षी कळलं की त्या मुलखात बंड झालं आणि लोकांनी चाळीस खिडक्यांचं घर पेटवून दिलं. पुढं कळलं, सरकारनं कायदा केला आणि जमीन कुळांच्या नावावर झाली. बांधाला बांध लावून केलेलं लग्न राहिलं, बांध गेला. नोरा आणि तिचा नवरा फाटकाशेजारच्या रखवालदाराच्या दोन खोल्यांत राहत होते. पोरबाळ नव्हतं.

त्या दिवशी नागुबाई जेवली नाही. अक्काताईनं दाराआड जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. तो गोड लागला.

एकोणचाळीस साली नागुबाईनं अंथरूण धरलं. सतरा दिवस अक्काताई तिच्या उशाशी होती. भरवणं, कूस बदलणं, सगळं तिनं केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. अठराव्या दिवशी पहाटे नागुबाईनं डोळे उघडले, दाराकडं पाहिलं आणि स्पष्ट हाक मारली, "नोरा."

तेवढंच. मग मान कलली. खोलीत अक्काताईशिवाय कुणी नव्हतं.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. जोतिबालाही नाही. सतरा दिवस मी, आणि शेवटची हाक तिला! तेराव्याचा स्वयंपाक करताना तिनं दोनदा भात करपवला. लोकांना वाटलं, दुःख आहे. दुःख होतंच. पण त्याच्यावर हा जाळ होता. मास्तरांनी विचारलं, नोराला काय लिहू? ती म्हणाली, लिवा, शांत गेली.

मग दुसरी लढाई आली आणि पत्रं बंद झाली.

सत्तेचाळीसच्या शिमग्याच्या सुमारास मास्तरांनी भरमूबरोबर निरोप पाठवला. पत्र आलं आहे आणि ते नागुबाईसाठी नाही, अक्काताईसाठी आहे. अक्काताई आठ दिवस गेली नाही. नवव्या दिवशी टोपलीभर रताळी डोक्यावर घेऊन गेली, म्हणजे कुणी विचारलं तर रताळी द्यायला आले म्हणता यावं.

मास्तरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि इंग्रजी पत्र मराठी करून वाचायला घेतलं.

"नोरा लिहिते, अक्का, तू मला ओळखत नाहीस. पण मी लहानपणी ज्या माणसाचा सगळ्यात जास्त द्वेष केला ते तू आहेस."

अक्काताईनं टोपलीची कड धरली.

"दर रविवारी जेवण झालं की आये तुझ्याकडं जायची. मी फाटकाच्या गजांना धरून संध्याकाळपर्यंत उभी राहायची. मला झोपवताना ती तुझ्या गोष्टी सांगायची. अक्कानं पोराला झोडपलं, अक्का विहिरीत पोहली. घाईत असली की मला अक्का म्हणूनच हाक मारायची. माझे झगे तुला जाणार हे कळलं की मी ते काखेत फाडून ठेवायची. आये काही बोलायची नाही. कंदील लावून शिवत बसायची."

मास्तरांनी पान उलटलं आणि ते पुढं वाचू लागले.

"तुझ्या लग्नात मला ताप नव्हता. काखेत कांदा धरला की अंग तापतं, हे आयेनंच मला कधीतरी हसत सांगितलं होतं. मी सकाळपासून दोन्ही काखांत कांदे धरून बसले होते. आये आली, तिनं हात लावला आणि तिला वास आला. तिनं आयुष्यात एकदाच मला मारलं, ते त्या दिवशी."

"कांदं?" अक्काताई म्हणाली.

"कांदे," मास्तर म्हणाले. "पुढं लिहिलंय. माझ्या लग्नाला ती येणार होती. त्या रविवारी परत येऊन तिनं नाही म्हणून सांगितलं. मी कारण विचारलं. ती जे म्हणाली ते तिच्याच बोलीत लिहिते, 'अक्का सांगतीया की पंच बसलं हुतं. मी वाटंत पंचांच्या घरी जाऊन आले. कुणी बसलं न्हाय, कुणाला ठावं बी न्हाय. ती खोटं बोलली. पर इतकं खोटं बोलावं इतकी मी तिला पायजे हाय, म्हणून मी ऱ्हाते.' अक्का, सत्तावीस वर्षं मी हे वाक्य मनात घेऊन जगते आहे. माझा कांदा तिनं ओळखला आणि मला मारलं. तुझं खोटं तिनं ओळखलं आणि ती तुझ्यापाशी राहिली."

बाहेर रस्त्यावरून टांगा गेला. अक्काताई भिंतीला टेकली. तिनं पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ तो काढला नाही. मास्तरांनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"तिला ठावं हुतं," शेवटी अक्काताई पदराआडून म्हणाली. "आन् मी वीस वर्सं नागुबाई म्हणत ऱ्हायले."

"अजून दोन ओळी आहेत," मास्तर म्हणाले. "घर गेलं, जमीन गेली, मागच्या वर्षी नवराही गेला. आता एकच विचारायचं आहे, आणि ते फक्त तूच सांगू शकतेस. जाताना आयेनं माझं नाव घेतलं का? नसेल घेतलं तरी खरंच सांग."

अक्काताईनं तोंड पुसलं. नाही म्हणायला काय लागत होतं? खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. हाक आठ वर्षं तिच्याकडं होती आणि ती मरेपर्यंत तिच्याकडंच राहू शकली असती. तिचा राग कुठं गेला होता असंही नाही. तो होता तिथंच होता.

"लिवा मास्तर," ती म्हणाली. "घेतलं म्हणून लिवा. दाराकडं बघून घेतलं. दुसरं कायबी बोलली न्हाय."

मास्तरांनी लिहिलं. शाईवर टीपकागद दाबला. मग त्यांना राहवलं नाही.

"आणि अक्काताई, तुमचं नाव?"

अक्काताईनं टोपलीतली रताळी एकेक करून जमिनीवर मांडायला घेतली होती.

"माझं कशाला घेईल आये?" ती म्हणाली. "मी उशाशीच हुते न्हवं."